वाढदिवस असावा लेकराच्या मापाचा



अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या माता-भगिनी एक प्रश्न वारंवार विचारतात. बाळ वर्षाचे होते आहे, किंवा मुलगी तीन वर्षांची होते आहे. वाढदिवस कसा करावा? हॉल घ्यावा की घरीच करावा? माणसे किती बोलवावीत? नाही बोलावले तर नातेवाईक काय म्हणतील? प्रश्न वाढदिवसाचा असतो, परंतु विचारणाऱ्या भगिनीच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा काळजीच अधिक दिसते. लेकराच्या आनंदाचा दिवस आईबापाच्या चिंतेचा का व्हावा? म्हणून आजच्या सदरात आम्ही लहान मुलांच्या, म्हणजे साधारण एक ते सहा वर्षांच्या मुलांच्या वाढदिवसाबद्दल लिहीत आहोत.

आजकाल आपल्या वस्त्यांतून पहिला वाढदिवस म्हणजे एक छोटे लग्नच होऊन बसले आहे. चौकात बाळाच्या फोटोचा बॅनर लागतो. हॉल घेतला जातो, फुग्यांची कमान उभी राहते, स्पीकर लागतो, दीडशे-दोनशे माणसांचे जेवण होते. केक कापण्याची वेळ रात्री नऊची ठरते आणि पाहुणे जमेपर्यंत दहा वाजतात. तोवर ज्याचा वाढदिवस तो बिचारा नव्या टोचणाऱ्या कपड्यांत रडून रडून आजीच्या खांद्यावर झोपी गेलेला असतो. मग त्याला हलवून जागे करतात, हातात सुरी देतात आणि फोटो काढतात. फोटोत सगळे हसत असतात, बाळ तेवढे रडत असते. हा वाढदिवस मग कोणाचा झाला?

हौस का वाढली?

आम्ही हे लिहितो ते कोणाची थट्टा करण्यासाठी नाही. ही हौस कोठून आली, हे समजून घेतले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांच्या, कित्येकांच्या आईवडिलांच्याही शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून अशी आहे. ते सगळे काही एकाच दिवशी जन्मले नव्हते. घरात जन्माची नोंदच नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज बांधला आणि १ जून ही तारीख लिहून टाकली. ज्यांना स्वतःचा जन्मदिवस ठाऊक नव्हता, त्यांच्या नातवंडांचा जन्मदिवस आज जन्म दाखल्यावरून सांगता येतो. तो दिवस साजरा करावासा वाटणे ही साधी हौस नव्हे. आमचे लेकरू जन्मले, त्याची नोंद झाली, त्याला नाव आहे, त्याला मान आहे, हे सांगण्याची ती इच्छा आहे. म्हणूनच 'ऋण काढून सण कशाला करता' असे बाहेरून सुनावणाऱ्यांत आम्ही नाही. वाढदिवस जरूर करावा. प्रश्न एवढाच आहे की तो लेकरासाठी करावा की चार लोकांसाठी?

थोडा हिशेब

आम्ही पडलो कारकून माणूस, म्हणून आधी हिशेब मांडतो. समजा, वाढदिवसासाठी ३०,००० रुपये हातउसने मिळाले नाहीत आणि ते शेकडा ३ रुपये महिना व्याजाने घेतले. महिन्याचे व्याज झाले ९०० रुपये. बारा महिन्यांचे झाले १०,८०० रुपये. म्हणजे बाळाचा पुढचा वाढदिवस येईपर्यंत जवळपास अकरा हजार रुपये व्याजात गेले आणि मुद्दल ३०,००० रुपये तसेच उभे राहिले. दुसऱ्या वाढदिवसाला पुन्हा लोक विचारणारच, 'यंदा नाही का करत?' हौसेला मोल नसते असे म्हणतात, परंतु व्याजाला मोल असते आणि ते दर महिन्याला मोजावे लागते.

त्याऐवजी दुसरी रीत पाहा. दर महिन्याला १५० रुपये एका डब्यात वेगळे टाकले, तर वर्षाला १,८०० रुपये जमतात. वीस मुलांचा घरगुती वाढदिवस, केक-नाश्त्यासह, एवढ्या पैशात नीट बसवता येतो. मुलगी असेल आणि हातात थोडे अधिक असेल, तर सुकन्या समृद्धी योजनेचे खाते पोस्टात उघडावे. ही योजना २०१५ साली सुरू झाली. दहा वर्षांच्या आतील मुलीच्या नावे खाते उघडता येते आणि वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहते. दर वाढदिवसाला त्यात भर घालण्याची सवय लावली, तर मुलगी मोठी झाल्यावर तिला त्या दिवसांची खरी किंमत कळेल.

मुलीवरून आठवले. कित्येक घरांत मुलाचा पहिला वाढदिवस मंडप घालून होतो आणि मुलीचा मात्र पाव किलो पेढ्यांत आटोपतो. घरातील दोन लेकरांना दोन मापे लावू नयेत. मोठा करायचा तर दोघांचा मोठा, साधा करायचा तर दोघांचा साधा. तीन-चार वर्षांच्या मुलीला रुपये मोजता येत नाहीत, परंतु भावासाठी काय झाले आणि आपल्यासाठी काय झाले, एवढे तिला नक्की कळते.

लेकराला काय आवडते?

एक-दोन वर्षांच्या बाळाला वाढदिवस म्हणजे काय ते कळत नाही. त्याला ओळखीचे चेहरे, पोटभर झोप आणि हातात घेऊन वाजवता-आपटता येईल अशी वस्तू एवढे पुरते. अनोळखी माणसांची गर्दी, मोठा आवाज आणि या हातातून त्या हातात जाणे यांची त्याला भीती वाटते. म्हणून पहिला वाढदिवस घरच्या दहा-पंधरा माणसांत करावा. बाळाची दुपारची झोप झाली की चार-साडेचारला सुरुवात करावी आणि तासाभरात संपवावा. त्यात बाळाचे काही कमी होत नाही.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांना मात्र वाढदिवस कळतो आणि ती महिनाभर आधीपासून दिवस मोजतात. या मुलांना सोबती हवे असतात, पळायला जागा हवी असते आणि आपल्याला काहीतरी करायला मिळावे असे वाटत असते. दोन तास खेळली की ती थकतात आणि थकली की भांडतात. म्हणून साडेचार ते साडेसहा ही वेळ चांगली. निमंत्रण देतानाच 'साडेसहाला मुलांना घरी न्यायला या' असे सांगावे. संपण्याची वेळ ठरलेली असली की घरच्या बाईचा अर्धा ताण तेथेच कमी होतो.

किती मुले बोलवावीत? जितके वर्ष वय तितकी मुले, फार तर एक-दोन अधिक, असा एक साधा नियम सांगितला जातो. परंतु चाळीत आणि वस्तीत हा नियम चालत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. दार उघडे असते, गॅलरी एकच असते. पाच मुलांना बोलावले आणि सहावे दारात उभे राहिले, तर त्याला परत पाठवणारी आई आपल्या वस्तीत सापडायची नाही आणि सापडूही नये. त्यावर उपाय असा की मुले सगळी बोलवावीत, मोठी माणसे बोलवू नयेत. मोठ्यांना दुसऱ्या दिवशी घरोघर खाऊची वाटी पाठवावी. खर्च वाढतो तो मोठ्यांच्या जेवणावळीने, मुलांच्या नाश्त्याने नव्हे. शिवाय पाचवी ते आठवीतील चार ताई-दादा हाताशी घ्यावेत. एकेकाकडे पाच लहानगी सोपवावीत. या मोठ्या मुलांना जबाबदारी दिली की ती फार मनापासून काम करतात.

खेळ घरच्या वस्तूंचे

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. आदिवासी पाड्यांवरील लेकरांसाठी विकतची महाग साधने आणणे त्यांना शक्यही नव्हते आणि गरजेचेही वाटले नाही. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने-फुले यांच्यावरच मुले मोजायला, जुळवायला आणि रंग ओळखायला शिकली. आज गावोगाव दिसणाऱ्या अंगणवाडीची कल्पना त्यांच्याच प्रयोगांतून पुढे आली. ज्या माऊलींनी खड्यांतून शाळा उभी केली, त्यांच्या महाराष्ट्रात वाढदिवसाला खेळवणारा माणूस भाड्याने आणावा लागू नये.

खेळांचा क्रम आधीच कागदावर लिहून ठेवावा. एक पळापळीचा खेळ झाला की एक बसून खेळायचा, असा क्रम असावा. मुले येत असतात तेव्हा पहिली वीस मिनिटे फरशीवर किंवा अंगणात रंगीत खडूंनी चित्रे काढू द्यावीत. म्हणजे आधी आलेली मुले कंटाळत नाहीत आणि उशिरा आलेल्यांचे काही चुकत नाही. नंतर गाणे थांबले की पुतळ्यासारखे उभे राहण्याचा खेळ घ्यावा. मग कापडी पिशवीत वाटी, चमचा, कांदा, कंगवा, चेंडू घालून आत न पाहता हाताने ओळखण्याचा खेळ. मग रुमालपाणी. शेवटी जुन्या मोज्याला दोन गुंड्यांचे डोळे शिवून केलेली बाहुली हातात घालून एखादी गोष्ट सांगावी. साबणाच्या पाण्याचे फुगे तर एक वर्षाच्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळ्यांना आवडतात.

येथे एक पथ्य पाळावे. लहान मुलांना 'आऊट' करू नये. संगीत खुर्चीत पहिल्याच फेरीला बाहेर पडलेले चार वर्षांचे मूल पुढचा अर्धा तास कोपऱ्यात रडते. खेळ असा असावा की शेवटपर्यंत सगळे आत राहतील. बक्षीस द्यायचे तर सगळ्यांना सारखे द्यावे. आणि घरात १ जून जन्मतारखेचे आजी-आजोबा असतील, तर त्यांना एक खेळ आवर्जून शिकवायला सांगावा. चिंचोक्यांचा, गोट्यांचा, लगोरीचा. जो त्यांना येत असेल तो. ज्यांचा वाढदिवस कधी झाला नाही, त्यांच्या हाताने नातवाचा वाढदिवस रंगावा, यापेक्षा मोठी शोभा कोणती?

खेळ म्हणजे रिकामटेकडा उद्योग, असे कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली मंजूर केलेल्या बालहक्कांच्या करारनाम्यात, कलम ३१ मध्ये, विश्रांती आणि खेळ हा बालकाचा हक्क म्हणून नोंदला आहे. भारताने हा करारनामा १९९२ साली स्वीकारला.

वंदना, गाणे आणि खाऊ

आपल्या घरांत शुभकार्याची सुरुवात वंदनेने होते आणि वाढदिवसालाही ती व्हावी. मात्र लहानग्यांना सोसेल इतकी आटोपशीर असावी. त्रिसरण-पंचशील झाले, मुलांनी एकेक फूल वाहिले, की पुरे. मान्यवरांची भाषणे या दिवशी नकोत. तीन वर्षांच्या मुलांसमोर अर्धा तास मार्गदर्शन करणाऱ्या काकांचे म्हणणे कितीही मोलाचे असले, तरी ते ऐकणारे तेथे कोणी नसते.

केक कापताना जे इंग्रजी गाणे म्हटले जाते, त्याची चाल अमेरिकेतील हिल आडनावाच्या दोन बहिणींची. त्यांतील एक बालवाडीची शिक्षिका होती. बालवाडीतील मुलांना सहज म्हणता यावी म्हणून केलेली ही चाल १८९३ साली छापली गेली. अशा चालीला स्पीकरची भिंत कशाला हवी? दहा मुलांनी टाळ्या वाजवून म्हटले की तेच खरे गाणे.

खाऊच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. वीस लहान मुलांना १ किलोचा केक पुरतो. १ किलो जाड पोह्यांत त्यांचा नाश्ता भागतो. २ लिटर दुधाची खीर केली तर प्रत्येकाला लहान वाटीभर मिळते. सोबत केळी आणि लिंबाचे सरबत. मुले खेळायला आलेली असतात, ती फार खात नाहीत. ताटल्या भरभरून वाढल्या तर निम्मे अन्न वाया जाते. पोह्यांत शेंगदाणे घालू नयेत आणि फुटाणे, गोल गोळ्याही ठेवू नयेत; चार-पाच वर्षांच्या आतील मुलांच्या घशात असे दाणे अडकतात. द्राक्षे असतील तर उभी चिरून द्यावीत. एखाद्या मुलाला काही खाल्ले की त्रास होतो का, हे त्याच्या आईला आधी विचारून घ्यावे.

जपण्याच्या गोष्टी

फुगे जरूर लावावेत, परंतु न फुगवलेले फुगे आणि फुटलेल्या फुग्यांचे तुकडे ताबडतोब उचलावेत. लहान मूल ते तोंडात घालते आणि रबर श्वासनलिकेत बसले तर जीवावर बेतते. वर तरंगणाऱ्या फुग्यांत पुष्कळदा हायड्रोजन वायू असतो आणि तो पेट घेतो. असे फुगे मेणबत्तीजवळ नकोतच, खरे तर घरातच नकोत. फेसाचा जो फवारा उडवतात, तोही ज्वालेजवळ भडकू शकतो. मेणबत्ती पेटली असताना फवारा मारणे म्हणजे लेकराच्या तोंडाशी आग नेणे होय. केक तोंडाला फासण्याची नवी चाल निघाली आहे, तीही लहानांना नको. डोळ्यांत क्रीम जाते, मूल घाबरते आणि अन्नाची नासाडी होते ती वेगळीच.

थर्माकोलची सजावट आणि ताटल्या यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्यांवर १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात बंदी आली. त्याऐवजी जुन्या साड्या, ओढण्या आणि कागदाच्या पताका लावाव्यात. पताका मुलांकडूनच आदल्या दिवशी करून घ्याव्यात, म्हणजे आनंद एक दिवस आधीच सुरू होतो. ताटल्या घरच्या स्टीलच्या किंवा पत्रावळी. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावता येत नाही. परंतु साडेसहाला संपणाऱ्या वाढदिवसाला त्या नियमाची गरजच पडत नाही. शेजारी कोणी आजारी असेल, कोणाची दहावीची परीक्षा असेल, याचे भान राहिले की झाले.

भेटवस्तू आणि न आलेले मूल

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्या मुलाच्या वाढदिवसाला कोण आले, याची नोंद सगळे ठेवतात. कोण आले नाही, इकडे लक्ष द्यावे असे आमचे म्हणणे आहे. रोज आपल्या दारात खेळणारे शेजारचे पोर त्या संध्याकाळी दिसत नाही. त्याला बरे नसते असे नाही. त्याच्या आईकडे त्या दिवशी भेटवस्तूला पैसे नसतात, आणि रिकाम्या हाताने लेकरू पाठवायला तिचा स्वाभिमान तयार होत नाही. चमकदार कागदात गुंडाळलेल्या खोक्यांचा ढीग दारातच मांडला, की अशा आईला घराबाहेर पडणे अवघड होते. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख भोगले, त्याने आपल्या दाराला असा अदृश्य उंबरठा घालू नये.

म्हणून निमंत्रण देतानाच स्पष्ट सांगावे, 'भेटवस्तू आणू नये, मुलांना खेळायला पाठवा.' कोणी आणलीच तर ती सगळ्यांसमोर उघडू नये. जाताना प्रत्येक मुलाला एकसारखा खाऊ किंवा एक पेन्सिल द्यावी. परतभेटीच्या महाग पिशव्यांची स्पर्धा बंद करावी.

त्याहून चांगला उपाय महिला मंडळांनी करावा. त्या महिन्यात जन्मलेल्या सगळ्या मुलांचा वाढदिवस महिन्याच्या एका रविवारी, विहाराच्या अंगणात किंवा समाजमंदिरात एकत्र करावा. पाच घरांनी वर्गणी काढली तर एका घरावर भार येत नाही. केक एक, पताका एक, टाळ्या पाच जणांसाठी. ज्या घरात या महिन्यात काम सुटले आहे, त्या घरातील लेकरूही त्याच रांगेत नवा टिळा लावून उभे राहते आणि कोणाला काही कळतही नाही. प्रत्येक मुलाचे नाव मात्र वेगळे घ्यावे. गर्दीत एकाचेही नाव विसरता कामा नये.

आईचा वाढदिवस-कष्ट

शेवटी घरातील पुरुषमंडळींना दोन शब्द. वाढदिवसाच्या दिवशी लेकराची आई पहाटेपासून ओट्याशी असते आणि केक कापताना तिला हात पुसत बाहेर बोलवावे लागते. वडिलांनी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी. आदल्या रात्री कामांची यादी करून वाटणी करावी. पोहे भिजवणे, सतरंज्या अंथरणे, खेळ घेणे, भांडी घासणे यांतील निम्मी कामे बापाच्या नावावर असावीत. मोबाइलवर फोटो काढणे हे काम धरले जाणार नाही. त्या आईला जन्म देऊनही तेवढीच वर्षे झालेली असतात, तिनेही त्या दिवशी बसून खीर खावी.

बंधुभगिनींनो, आमचे म्हणणे फार मोठे नाही. मूल लहान आहे, तर त्याचा दिवसही लहानच असू द्या. थोडी माणसे, थोडा वेळ, भरपूर खेळ, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचेही देणे नाही. लेकरू रात्री हातपाय धुऊन वेळेवर झोपले आणि झोपताना 'उद्या पुन्हा वाढदिवस करू या' असे म्हणाले, तर वाढदिवस चांगला झाला असे समजावे.

जयभीम!